तांबारे सरांचं विरजण

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या शाळेनं परवा दहावीच्या निकालाचा भलामोठा फलक लावला. शंभर टक्के निकाल. खाली पोरापोरींचे फोटो, आणि सगळ्यांच्या वर संस्थापकांचा, तो अर्थातच सगळ्यांपेक्षा मोठा. मी दुधाची पिशवी घेऊन तिथंच उभी राहिले आणि माझं डोकं फिरलं. शंभर टक्के, ठीक आहे. पण नववीत किती जणांना घरी बसवलं, किती जणांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला लावलं, ते कोण लिहिणार फलकावर? सून म्हणाली, "आई, चला आता, तुम्ही काही परीक्षामंडळ नाही." खरंच आहे. घरी आले, दूध तापवलं आणि दिवसभर तांबारे सरांचा विचार करत बसले.

तांबारे सर आठवले की माझं नेहमी असंच होतं. आधी त्यांचा राग येतो. मग अशा माणसाचा राग येतो म्हणून स्वतःचा राग येतो. आणि शेवटी काय, तर काहीच नाही. माणूस बरोबर होता की चूक, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. उभा जन्म पेपर तपासण्यात गेला माझा, पण या एका माणसाला किती मार्क द्यायचे ते काही कळलं नाही. तुम्हाला कळलं तर बघा.

गोष्ट ऐंशीच्या पुढची. येरमाळ्याहून उस्मानाबादकडं निघालं की येडशीच्या अलीकडं एक फाटा लागतो. तिथं उतरून आत चालत गेलं की गाव. मी बी.एस्सी., बी.एड. होऊन नुकतीच बाहेर पडले होते आणि जग सुधारायची मला फार घाई होती. पहिल्या दिवशी घामाघूम होऊन शाळेत पोचले, तर शाळा म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि तिसरा वर्ग दूध सोसायटीच्या खोलीत. दुष्काळानं दूध आटलेलं, त्यामुळं कॅन कोपऱ्यात पालथे घातलेले, आणि त्या कॅनांवर दहावीची मुलं बसलेली. फळ्यापुढं एक बुटका, रुंद माणूस उभा. शर्टाची एक बाही वर, एक खाली. खडूचे तुकडे वरच्या खिशात टाकायची सवय, त्यामुळं सगळा खिसा पांढरा. हेच मुख्याध्यापक, तांबारे सर. मला बघून म्हणाले, "बाई, फाट्यावरनं चालत आलाव का?"

"हो."

"वाट शेकड्याला किती चांगली वाटली?"

मला वाटलं, माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण नाही, ती त्यांची बोलायचीच पद्धत. प्रत्येक गोष्ट शेकड्यावर. चहाचा घोट घेतला की, "शेकड्याला साठ हाय." कुणाच्या घरी बारसं झालं की, "पोरगं बापावर शेकड्याला किती गेलंय?" एकदा गावातल्या एका लग्नात नवऱ्या मुलाच्या वडिलांनी विचारलं, जेवण कसं झालं, तर भर पंगतीत म्हणाले, "वरण पास, भाजी नापास." तो व्याही दोन महिने सरांशी बोलला नाही. मी एकदा चिडून विचारलं, की सर, ही काय सवय लावून घेतलीत. तर म्हणाले, "बाई, आपल्याला सारं जग शेकड्यानंच मोजतंय. मग म्हनलं, आपण तरी कुणाला का सोडावं?"

ते निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेले. परीक्षेला इम्तिहान म्हणायचे, निकालाला नतीजा. त्यांच्या स्वतःच्या मॅट्रिकची हकीकत मी तीनदा ऐकली आणि तिन्ही वेळा निराळी. एकदा म्हणाले, अव्वल आलो होतो. एकदा म्हणाले, दोनदा नापास झालो आणि बापानं गुरं राखायला धाडलं. एकदा म्हणाले, नतीजा लागायच्या आतच राज्य बदललं, तेव्हा पास का नापास ते आपल्याला अजून ठाऊक नाही. यातलं खरं कोणतं असं विचारलं की हसायचे. मला वाटायचं, तिसरं खरं असावं. मग वाटायचं, मुख्याध्यापक कसे झाले मग? सोडून द्यायचे मी.

या माणसाचा सगळा जीव दहावीच्या वर्गात होता. कचेरीच्या पायऱ्या झिजवून त्यांनी तो मंजूर करून आणला होता. त्याआधी गावातली मुलं नववीनंतर येडशीला नाहीतर येरमाळ्याला जायची. मुली कुठंच जायच्या नाहीत. नववी झाली की हळद. दहावीचा वर्ग आल्यावर आईबापांना चुलीपासून हाकेच्या अंतरावर पोरगी मॅट्रिक करायला हरकत वाटेना. आणि दहावी झाली की नर्सिंग होतं, डी.एड. होतं. एवढ्या एका वर्गावर मुलीचा जन्म इकडचा तिकडं व्हायचा.

आणि तो वर्ग टिकायचा की नाही ते निकालावर ठरणार होतं. ठरलेल्या टक्क्यांच्या खाली ओळीनं निकाल लागला, की आधी नोटीस, मग अनुदानाला कात्री, आणि शेवटी दहावीची मान्यताच रद्द. आजूबाजूच्या शाळांनी यावर साधा उपाय काढला होता, चाळणी. नववीतच कच्ची मुलं गाळायची. दहावीला जेवढी पास होणार तेवढीच पाठवायची, की निकाल झकास. मुख्याध्यापकांच्या सभेला सर मला घेऊन गेले होते, तिथं एक जण छाती फुगवून सांगत होते, आमचा निकाल एवढा, आमचा निकाल तेवढा. सरांनी शांतपणे विचारलं, "नववीत किती होती?" त्या गृहस्थांनी घाईनं पुढचा विषय काढला. परतताना मी खूश होऊन म्हणाले, सर, चांगली जिरवलीत. सर म्हणाले, "त्याची कशाची जिरली? त्याचा वर्ग टिकला. जिरणार आपली हाय."

सर नववीत कुणालाही अडवायचे नाहीत. "नापास करायचं तर बोर्डानं करावं, आपण आपल्या हातानं कशाला?" म्हणायचे. त्यामुळं आमच्याकडं दहावीला सगळीच यायची, हुशार, मठ्ठ, आणि रोजगार हमीच्या कामावर दिवसभर खडी फोडून संध्याकाळी पुस्तक उघडायच्या आधीच झोपी जाणारी. ओळीनं दोन वर्षं निकाल घसरला. नोटीस आली. तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या आधी, खात्याचे एक साहेब तपासणीला आले.

साहेब दूध सोसायटीच्या खोलीत शिरले, तर अर्धे कॅन रिकामे. म्हणाले, मुलं कुठं आहेत? सर म्हणाले, "चला, दावतो." आणि त्या साहेबांना, बूट आणि टेरिकॉटची पँट घातलेल्या माणसाला, उन्हातून पाझर तलावाच्या बांधावर नेलं. मागून मी. बांधावर अर्धं गाव राबत होतं. जेवणाची सुट्टी झाली होती. सरांनी खिशातून हजेरीपट काढला आणि मोठ्यानं नावं घ्यायला सुरुवात केली. घमेली बाजूला ठेवून एकेक मूल उभं राहिलं आणि "हाजिर" म्हणालं. सर रोज दुपारी असेच तिथं जायचे, हजेरी घ्यायचे, आणि भाकरी खाता खाता पोरांना भूमिती शिकवायचे. साहेब म्हणाले, "हे नियमात बसत नाही."

"साहेब, सोसायटीत दुधाला फॅट लावतेत," सर म्हणाले. "फॅट कमी लागली की भाव कमी. म्हशीला औंदा काय खायला मिळालं ते त्या मशिनीला कळत न्हाय, ती मशीन हाय. पण तुमी तर माणूस हाव."

साहेबांनी हजेरीपट मागून घेतला आणि नावं चाळली. माणूस वाईट नव्हता. जाताना म्हणाले, "दुष्काळ म्हणून हे वर्ष मी सोडून देतो. पुढच्या वर्षीचा निकाल बघणार. तो खाली गेला तर मला काही सांगू नका, माझ्या हातात काही राहणार नाही." आम्ही सगळे खूश झालो. मी तर त्या दिवशी सरांना मनातल्या मनात शंभरपैकी शंभर देऊन टाकले. घाई नडते ती अशी.

आता सिंधूचं सांगते. किसनभाऊंची थोरली, दहावीत होती. बौद्ध वस्तीतलं घर, आईबाप दोघं बांधावर, सिंधूही बांधावर. असं डोकं मी त्यानंतर फार थोड्या मुलांचं पाहिलं. सर शिकवून निघून गेले, की ही खड्यानं मातीत त्रिकोण काढून बाकीच्यांना पुन्हा समजावून सांगायची, आणि तिनं सांगितलेलं त्यांना लवकर कळायचं. माझंही कळायचं नाही इतकं तिचं कळायचं, मला थोडा हेवाच वाटायचा. तिला नर्स व्हायचं होतं. येडशीच्या दवाखान्यात तिनं एकदा पांढऱ्या साडीतली नर्स पाहिली होती आणि तेव्हापासून दुसरा विषयच नाही.

बोर्डाचे फॉर्म पाठवायचा शेवटचा दिवस आला. मी गठ्ठा घेऊन सरांपुढं बसले. सर एकेकावर सही करत होते. सिंधूचा फॉर्म आला तसं त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"हिचा पाठवायचा न्हाय."

"म्हणजे?"

"हजेरी कमी हाय."

मला वाटलं, चेष्टा करतायत. "सर, बाकीच्यांची बांधावरची हजेरी चालते आणि हिची चालत नाही होय?"

"बाई, घरी दही लावता न्हवं?"

"लावते. त्याचं काय इथं?"

"सगळं दही खाऊन टाकता का? विरजणापुरतं ठेवता, बराबर?" ते अगदी समजुतीच्या आवाजात बोलत होते, त्यानं मी आणखी पेटले. "औंदाचं दूध तर नासलं. साहेबांनी हे साल सोडलं. सिंधू औंदा बसली तर ती पास हुईल, आन् तिचं पास होणं कुणी मोजणार न्हाय. पुढल्या पोरांत ती राहिली तर स्वतः पास हुईल, आन् आणखी चौघांला वढून न्हेईल. वर्ग वाचंल."

"सर, ती पोरगी आहे. वाटीतलं दही नाही."

"ते मला कळत न्हाय व्हय?" सर म्हणाले. आवाज चढला नाही. "एका पोरीचं एक साल, का मागनं येणाऱ्या सगळ्या पोरींचा जन्म? तुमी सायन्सवाल्या हाव. सांगा तुमी."

मला उत्तर आलं नाही, म्हणून मी भांडले. काय वाटेल ते बोलले. जो माणूस नववीत एका मठ्ठ पोराला अडवत नाही, तो सगळ्यात हुशार मुलीला अडवतो, ही कुठली शाळा, असं बोलले. चाळणीवाले परवडले, ते निदान कच्ची मुलं गाळतात, असंही बोलले. सर ऐकून घेत होते. मध्येच त्यांनी माझ्यापुढं चहाची कपबशी सरकवली. मी ती परत सरकवली.

संध्याकाळी तरातरा किसनभाऊंच्या घरी गेले. म्हटलं, बापाला उभा करते सरांपुढं. किसनभाऊ नुकतेच बांधावरून येऊन हातपाय धूत होते. मी सगळं एका दमात सांगितलं. ते खाली बघत म्हणाले, "ठाऊक हाय बाई. सर परवाच यिऊन गेले."

"काय म्हणाले?"

"समदं सांगितलं. लपवलं न्हाय काय. म्या म्हनलं, एका सालानं काय हुतंय. थोरलीच्या मागं माझ्या अजून दोन पोरी हैत. वर्ग गेला तर त्या कुठं जातील? आमची तर पयली पिढी हाय शिकणारी." मग हळूच म्हणाले, "सोयरीक आली व्हती एक. तीबी सरानंच बोलून म्होरं ढकलली, की म्या पोरीचं साल घेतोय, तवर लगीन लावू नगा म्हणून."

म्हणजे या माणसानं तेवढाही विचार करून ठेवला होता. मी भांडायला आले होते आणि भांडायला कुणी शिल्लकच नव्हतं. खरं सांगते, क्षणभर मला वाटलं, सरांचंच बरोबर असेल.

आत चुलीपुढं सिंधू भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"आन् मला?" ती म्हणाली.

किसनभाऊ धुतलेले पाय पुसायला लागले.

"तुमी आन् सर हितं बसून बोललाव. चहा पिलाव. चहा म्याच केला, आन् भाइर जाऊन बस म्हनलाव म्हणून भाइर जाऊन बसले. मला कुणी इचारलं?"

रडत नव्हती. तव्यावरची भाकरी करपायला लागली तशी तिनं ती उलटली. मी तिथून निघाले.

दुसऱ्या दिवशी भर वर्गात ती सरांपुढं उभी राहिली. सर फळा पुसत होते. मी दारात.

"सर, माझा फॉर्म थांबवलाय म्हणं."

"व्हय."

"आदुगर मला इचारायचं व्हतं सर. इचारलं असतं, तर म्या थांबलेबी असते."

सरांनी डस्टर खाली ठेवलं. मग म्हणाले, "चुकलं. आता इचारतो. थांबतीस का?"

"आता न्हाय."

मला वाटलं, समजावतील. त्यांना बोलता येत होतं हो, साहेबाला बांधावर नेणारा माणूस तो. वर्ग दाखवला असता, तिच्या धाकट्या बहिणी दाखवल्या असत्या, दोन मिनिटांत पोरगी विरघळली असती. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. "बराबर," एवढंच म्हणाले.

फॉर्मची मुदत तोपर्यंत उलटली होती. सर त्याच दुपारच्या गाडीनं औरंगाबादला बोर्डात गेले. तिथं कुणाकुणाच्या दारात उभे राहिले, काय बोलले, कधीच सांगितलं नाही. परत आले ते फाट्यावरून थेट वर्गात, आणि वर्तुळाची प्रमेयं सुरू केली. मी विचारलं, झालं का? म्हणाले, "झालं."

सिंधू पास झाली, आणि चांगली झाली. तिच्या वर्गातला आणखी एक मुलगा पास झाला, बाकी सगळे गेले. ते साल कुणी मोजणार नव्हतंच. नर्सिंगला तिचा नंबर लागला. जायच्या दिवशी शाळेत येऊन ती सरांच्या पाया पडायला वाकली तर सर दोन पावलं मागं सरले आणि म्हणाले, "तिथं गैरहाजिर राहू नको." एवढाच आशीर्वाद. मला तेव्हा फार राग आला. आता वाटतं, दुसरं काय बोलणार होते?

त्यानंतरचं वर्ष आम्ही दोघांनी जिवाचं रान केलं. पाऊस बरा झाला, पोरं बांधावरून कॅनावर परत आली, पण दोन वर्षांचं शिक्षण बुडालेलं, ते काय पावसानं भरून येतं? सर उजाडताच वर्ग घ्यायचे. सोसायटीत पुन्हा थोडं थोडं दूध यायला लागलं होतं, त्यामुळं कॅन गेले आणि मुलं जमिनीवर बसायला लागली. माझा विषय इंग्रजी नव्हता, तरी मी इंग्रजीही शिकवलं. मुलं माना डोलवायची. पण न कळलेलं त्यांना आपापसात पुन्हा समजावून सांगणारं कुणी नव्हतं. सर मध्येच थांबून दाराकडं बघायचे. सिंधूचं नाव मात्र वर्षभरात ना त्यांनी काढलं ना मी.

निकाल लागला. एका पोरानं हुकला. आणखी एक कुणी पास झालं असतं, तर टक्के गाठले असते आणि वर्ग वाचला असता.

मी सरांसमोर बसून होते. मला वाटत होतं, आता बोलतील. बाई, म्या सांगितलं व्हतं, असं म्हणतील. म्हणायचा हक्क होता त्यांचा. हिशेब त्यांचा बरोबर निघाला होता, अगदी एका आकड्यापर्यंत बरोबर. मीच न राहवून म्हणाले, "सर, बोला ना मला काहीतरी."

"काय बोलू?" सर म्हणाले. "ज्यांचे विषय राहिले त्यांचं ऑक्टोबरच्या इम्तिहानाचं बघू." आणि नापास झालेल्या मुलांना एकेकाला आत बोलवून कुठल्या विषयात काय राहिलं ते बघत बसले.

तेच साहेब आले. या खेपेला सरांनी त्यांना कुठं नेलं नाही. साहेबांनी आदेश टेबलावर ठेवला आणि म्हणाले, माझ्या हातात असतं तर. सर म्हणाले, तुमच्या हातात न्हाय ते ठाऊक हाय, फकस्त पोरींचे दाखले लवकर द्यायला सांगा, दुसरीकडं नाव घालायला उशीर नको. दहावी बंद झाली. खोलीत सोसायटीनं पेंडीची पोती रचली. मी अतिरिक्त ठरले आणि माझं समायोजन बेंबळीकडच्या एका शाळेत झालं. सर पुढच्याच वर्षी निवृत्त झाले, असं ऐकलं.

त्यांना त्यानंतर मी एकदाच पाहिलं. देवीला येरमाळ्याला गेले होते, मुक्काम करून सकाळच्या गाडीनं उस्मानाबादला परत निघाले होते. आमच्या फाट्यापाशी गाडी आली, तर रस्त्याच्या कडेला सर उभे. तीन मुली बरोबर. ड्रायव्हरचा काही थांबायचा विचार दिसेना, गाडी भरलेली होती. तर सर सरळ रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला आणि बाहेर तोंड काढून शिव्या घातल्या. सरांनी त्या ऐकून घेतल्या आणि मुलींना एकेक करून वर चढवलं. शेवटचीचं दप्तर आत ढकललं. मी खिडकीतून हाक मारेपर्यंत गाडी सुटली होती. वळून बघितलं, तर ते फाट्यावरून गावाकडं चालायला लागले होते. त्या एका वर्गात एरवी किती मुली असत्या, आणि इथं गाडीत चढल्या तीन. बाकीच्या कुठं होत्या ते विचारायची गरज नव्हती.

त्या तिघींतली एक माझ्याशेजारी दांड्याला धरून उभी होती. चेहरा ओळखीचा वाटला. किसनभाऊंची मधली, रंजना. दहावीला येडशीला जात होती. मी विचारलं, वडील कसे काय पाठवतात? म्हणाली, सर घरी आले होते, गाडीत बसवायची आणि सांजच्याला उतरवून घ्यायची हमी घेतली तेव्हा बाप तयार झाला. रोज येतात, पाऊस असो, काही असो. बाकीच्या घरीही गेले होते, पण दोघांशिवाय कुणी तयार झालं नाही.

"तुला विचारलं होतं का त्यांनी?" मी म्हणाले.

"म्हंजे? पयलं मलाच इचारलं. मग बापाला."

सिंधू येडशीच्याच दवाखान्यात लागलीय, असं तिनं सांगितलं. सुट्टीला आली की सरांकडं जाते. मी विचारलं, सर काही बोलतात का तिच्याबद्दल, त्या फॉर्मच्या वेळचं?

रंजनानं दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "एकदा बोलले. म्हनले, तवा माझ्या हातनं मोठी चूक झाली."

"कोणती? अडवलं ती, की जाऊ दिलं ती?"

"म्याबी तेच इचारलं बाई."

"मग?"

"म्हनले, गाडी आली, चढ."